मदत हवी आहे: हिवाळ्यात न्यूझीलंड, बसने. पास की सुटी तिकिटं?

निघालोच:
नमस्कार मंडळी. आम्ही मित्र हिवाळ्यात न्यूझीलंडला बॅकपॅकिंगला चाललोय. सगळा प्रवास बसने. प्रश्न एकच: तासांचा बस पास काढावा की सुटी तिकिटं? एक मित्र आज रात्रीच पैसे भरून टाकू म्हणून मागे लागलाय. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. "गूगल करा" म्हणणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावे, गूगल करूनच डोक्याचं दही झालंय.

प्रवासी_पक्षी:
झकास! डिसेंबरात न्यूझीलंडसारखं सुख नाही. रात्री नऊपर्यंत उजेड, डोंगरात फुलं. बसबिस राहू द्या, मिलफर्ड ट्रॅक चाला. चार दिवसांची वाट आहे, पण झोपड्यांचं आरक्षण फार आधी संपतं, तेव्हा आजच बघा. आणि सनस्क्रीन भरपूर घ्या, तिकडचं ऊन कातडी सोलून काढतं.

शंकासूर:
हिवाळा कोणता? आपला की त्यांचा?

निघालोच:
त्यांचा. न्यूझीलंडला जातोय तर हिवाळा न्यूझीलंडचाच असणार ना! जुलै.

प्रवासी_पक्षी:
मग जुलै लिहा की राव शीर्षकात. माझा प्रतिसाद रद्द समजा. मिलफर्ड ट्रॅक तर विसराच. त्या वाटांचा मोसम एप्रिलअखेर संपतो आणि हिवाळ्यात हिमप्रपाताने वाहून जाऊ नयेत म्हणून काही पूल चक्क उचलून ठेवतात. सनस्क्रीन मात्र घ्याच, बर्फावरून ऊन उलटं येतं.

निघालोच:
ट्रॅकचं मी विचारलंच नव्हतं. पास की तिकिटं?

शंकासूर:
किती जण? किती दिवस? उत्तर बेट की दक्षिण? विमानाची तिकिटं निघालीत का? व्हिसा?

निघालोच:
चौघं. ४ ते १५ जुलै. दक्षिण बेट. क्राइस्टचर्चला उतरून तिथूनच परत. विमानाची तिकिटं झाली, आम्हा तिघांचे व्हिसा पण आले. आता सांगा.

स्टिअरिंग:
चौघं असाल तर बसचा विचार करणंच चूक आहे. गाडी घ्या. भाडं चौघांत वाटलं की बसच्या आसपासच येतं आणि वाटेत कुठेही थांबता येतं. बसमध्ये काय, समोर सुंदर तळं दिसतं आणि गाडी भुर्रकन पुढे. आम्ही १६ दिवस चालवली. वाहतूक डावीकडून, आपल्यासारखीच. इंग्रजीत छापलेला आपला परवाना चालतो. डोळे झाकून गाडी घ्या.

गप्पगुमान:
डोळे झाकून गाडी! हे बाकी छान. तुम्ही कोणत्या महिन्यात गेला होतात?

स्टिअरिंग:
फेब्रुवारी. पण रस्ते तेच असतात.

गप्पगुमान:
रस्ते तेच, त्यांच्यावर पडलेलं वेगळं. जुलैत सकाळी सावलीतल्या वळणांवर बर्फाचा पातळ पापुद्रा असतो, ओल्या डांबरासारखा दिसतो, चाक वर गेल्यावर कळतं. क्वीन्सटाउन-वानाका मधला क्राउन रेंजचा घाट हजार मीटरच्या वर जातो. लिंडिस खिंड ९७१ मीटर. मिलफर्डच्या रस्त्यावर मे ते नोव्हेंबर चाकांच्या साखळ्या गाडीत असाव्या लागतात. अंधारात, थंडीत, गुडघ्यावर बसून साखळी चढवलीय का कधी? मी चढवलीय. दोन बोटं अर्धा तास माझी नव्हती.

स्टिअरिंग:
एकदा शिकलं की पाच मिनिटांचं काम आहे. घाबरवायचं म्हटलं की कशालाही घाबरवता येतं.

निघालोच:
आमच्यातला कोणीच गाडी चालवत नाही. म्हणून बस. हे लिहायला हवं होतं का?

शंकासूर:
हो.

शुद्धलेखन_शिपाई:
'बॅकपॅकिंग' या शब्दाला मराठीत काही नाही का? 'पाठपिशवी भटकंती' सुचवतो. शिवाय शीर्षकात 'सुटी तिकिटं' लिहिलंय, त्याने सुट्टीची तिकिटं असा घोळ होतोय.

गप्पगुमान:
कोणाचाही झाला नाही.

दक्षिणकाकू:
अरे निघालोच, आत्ता वाचलं. मी डनिडनला राहते, बावीस हिवाळे झाले इथे. पासचं सांगते, पण आधी मार्ग टाक बघू तारीखवार. पास तासांवर चालतो. तू आधी तास विकत घ्यायचे, आणि जी बस धरशील तिचे तास त्यातून वजा होत जातात. म्हणजे तुझे तास किती होतात ते कळल्याशिवाय कोण काय सांगणार? राहायची बुकिंगं झालीत का तेही लिही.

निघालोच:
काकू, देव तुमचं भलं करो. हे घ्या:
४ क्राइस्टचर्च. ५ ट्रान्झअल्पाइन रेल्वेने ग्रेमाउथ, पुढे बस फ्रांझ जोसेफ. ६ हिमनदी. ७ बसने वानाका. ८ वानाका. ९ क्वीन्सटाउन. १० स्की. ११ आराम. १२ मिलफर्ड साउंड (उभ्या कड्यांमधली समुद्राची खाडी), एका दिवसात जाऊन येऊन. १३ बस टेकापो. १४ बस क्राइस्टचर्च. १५ पहाटे विमान.
राहायचं तिथे पोचल्यावर हॉस्टेल बघू. आधीच सगळं ठरवलं तर बॅकपॅकिंग कसलं.

शंकासूर:
"सगळा प्रवास बसने" यात रेल्वे कुठून आली?

निघालोच:
एक दिवस आहे हो फक्त.

रुळावरून:
पण काय दिवस! २२३ किलोमीटर, पाचेक तास. आधी कँटरबरीचं सपाट मैदान, मग वायमाकारिरी नदीची घळ, मग आर्थर्स पासला दोन्ही बाजूंनी बर्फ. पलीकडे ओटिराचा बोगदा, साडेआठ किलोमीटर लांब, १९२३ साली सुरू झाला. एक डबा दोन्ही बाजूंनी उघडा असतो, काचा नाहीत. फोटो तिथूनच काढा. गाडीत बसल्या बसल्या टोपी, हातमोजे घालून तयार राहा, नंतर पिशवी उपसायला वेळ मिळत नाही. पूर्वी या मार्गावर कोळशाची...

गप्पगुमान:
रुळावरून, तुमची गाडी पुन्हा घसरली. वेगळा धागा काढा, वाचायला आवडेल. खरंच.

दक्षिणकाकू:
निघालोच, बसचे तास मोजले. ग्रेमाउथ ते फ्रांझ साडेतीन-चार, फ्रांझ ते वानाका सहा-सात (वाटेत थांबत थांबत जाते), वानाका ते क्वीन्सटाउन दोनच्या आत, क्वीन्सटाउन ते टेकापो साडेचार, टेकापो ते क्राइस्टचर्च साडेतीन. सगळे मिळून वीसेक तास. मिलफर्डची सहल बोटीसकट वेगळी विकतात. इतक्या थोड्या तासांना, आणि तारखा पक्क्या असताना, मी तरी सुटी तिकिटंच लवकर काढीन. पास त्यांच्यासाठी, ज्यांचं आज इथे उद्या तिथे चालू असतं. पण ही खरी काळजी नाही रे. तुझ्या बेतात दोन भोकं आहेत.

एक, राहायचं. जुलैत इथल्या शाळांना दोन आठवडे सुट्टी असते, तू नेमका त्याच दोन आठवड्यांत येतोयस. त्यात यंदा, २०२६ मध्ये, मातारिकीची सरकारी सुट्टी शुक्रवारी, १० जुलैला. म्हणजे शुक्र-शनि-रवि जोडून. वर स्कीचा मोसम. त्या तीन दिवसांत तू क्वीन्सटाउनला पिशवी पाठीला लावून खोली शोधणार? चौघांना एका हॉस्टेलात चार खाटा मिळाल्या तर मला कळव, मी तुला जेवायला बोलावते.

दोन, मिलफर्ड शेवटाला ठेवलंयस. ते सविस्तर लिहिते, जेवणं उरकून येते.

निघालोच:
हॉस्टेलं खूप आहेत ना पण? एका ब्लॉगवर वायएचएच्या (यूथ हॉस्टेल संस्थेच्या) हॉस्टेलांची यादीच होती, प्रत्येक गावात.

प्रवासी_पक्षी:
ब्लॉग जुना असणार. वायएचएने तिथली स्वतः चालवलेली वसतिगृहं डिसेंबर २०२१ मध्ये बंद केली. काही इमारती दुसऱ्यांनी चालवायला घेतल्या, पण ती यादी आता उपयोगाची नाही.

स्टिअरिंग:
कॅम्पर व्हॅन घेतली असती तर राहायचा प्रश्नच नव्हता. हलके घ्या.

आकाशवेडा:
कोणी मातारिकी म्हणालं का? मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका! जूनअखेर-जुलैत पहाटे ईशान्येला पुन्हा दिसू लागतात तेव्हा माओरी नववर्ष. २०२२ पासून सरकारी सुट्टी. आणि निघालोच, तुम्ही न कळत एक सोन्यासारखी गोष्ट करून बसलाय. १३ च्या रात्री टेकापो, आणि १४ ला अमावास्या! तो सगळा भाग २०१२ पासून राखीव काळोखी आकाशाचा प्रदेश आहे, रस्त्यावरचे दिवेसुद्धा झाकलेले. हिवाळ्यात रात्री वृश्चिक अगदी डोक्यावर येतो, आकाशगंगेचा गाभा त्याच्याच शेजारी. दोन्ही मॅजेलनचे मेघ नुसत्या डोळ्यांनी. कृत्तिकांसाठी पहाटे तीनला उठायची गरज नाही. सूर्य आठनंतर उगवतो, सहाला उठलात तरी मिट्ट काळोख. तिपाई आणा. बाकी काही केलं नाहीत तरी चालेल.

निघालोच:
हे मस्त आहे. पण ढग आले तर?

आकाशवेडा:
तर झोपा.

दक्षिणकाकू:
आले. मिलफर्डचं ऐक. ते आनाउ गावापासून मिलफर्ड १२० किलोमीटर, तो एकच रस्ता. शेवटी होमर बोगदा, १२०० मीटरहून थोडा जास्त, १९५४ चा. बोगद्याच्या दोन्ही तोंडांवर उभे कडे, त्यावर बर्फ साचतो. हिमप्रपाताचा धोका वाटला की रस्ता बंद. कधी अर्धा दिवस, कधी दोन-तीन दिवस. बर्फ पाडायला मुद्दाम हेलिकॉप्टरमधून सुरुंग टाकतात, मगच गाड्या सोडतात. तू १२ ला जाणार, १३ ला टेकापोची बस, १५ ला विमान. १२ ला रस्ता बंद निघाला की मिलफर्ड गेलं, पुढे सरकायला जागाच नाही.

आणि क्वीन्सटाउनहून एका दिवसात म्हणजे बारा-तेरा तास. जुलैत उजेड सव्वाआठ ते पाच. सकाळी निघशील अंधारात, परतशील अंधारात, आणि जो रस्ता बघायला लोक मरतात त्यातला चतुर्थांश काचेत स्वतःचं तोंड बघत काढशील.

गप्पगुमान:
काकूंना शंभर टक्के अनुमोदन. आमचं अगदी हेच झालं. बस ते आनाउपर्यंत गेली, चालक खाली उतरून फोनवर बोलला, परत आला आणि म्हणाला, रस्ता बंद. पैसे मिळाले परत. दिवस नाही मिळाला. आमच्यातल्या एकाने दिवसभर ते आनाउच्या तळ्यावर बसून बदकांना नावं ठेवली.

स्टिअरिंग:
स्वतःची गाडी असती तर दुसऱ्या दिवशी गेला असतात.

गप्पगुमान:
दुसऱ्या दिवशीही बंदच होता.

निघालोच:
मग मिलफर्ड गाळू का? एकाला तर फक्त त्याच्यासाठीच यायचंय.

दक्षिणकाकू:
गाळू नकोस, पुढे ओढ. वानाकाची एक रात्र कमी कर. ८ ला क्वीन्सटाउन, ९ ला बसने ते आनाउ, १० ला मिलफर्ड. बंद असेल तर ११ ला पुन्हा प्रयत्न. ११ च्या संध्याकाळी क्वीन्सटाउनला परत, १२ ला स्की. जोडसुट्टीच्या दोन रात्री ते आनाउत जातात, तिथे क्वीन्सटाउनइतकी झुंबड नसते. पण खोल्या आजच बघ, पास राहू दे बाजूला. ते आनाउ सोडलं की फोनला रेंज मिळेलच असं नाही, घरी आधीच सांगून ठेवा.

आणि पाऊस असेल तर तोंड वाकडं करू नकोस. मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पडला की कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात, थांबला की तासाभरात गायब. कोरड्या दिवशी येऊन नुसते फोटो काढून जाणाऱ्यांची मला कीव येते.

निघालोच:
काकू, पण मग वानाकाचं ते पाण्यातलं झाड राहील.

दक्षिणकाकू:
७ ला संध्याकाळी पोचशील, ८ ला सकाळी बघ. झाडच आहे, पळत नाही.

ऊबदार:
कपड्यांचं कोणी बोललं नाही. क्वीन्सटाउन जुलैत दिवसा आठ अंशांच्या आसपास, रात्री शून्याखाली. एक जाडजूड जाकीट आणण्यापेक्षा आत मेरिनो लोकर, मध्ये फ्लीस, वर पाणी न झिरपणारं. जीन्स आणू नका, भिजली की दोन दिवस वाळत नाही.

स्टिअरिंग:
मी १६ दिवस जीन्सवर होतो.

ऊबदार:
फेब्रुवारीत.

प्रवासी_पक्षी:
बुटांचं राहिलं. ट्रेकचे बूट घासूनपुसून न्या, तळाला चिखल असेल तर विमानतळावरच काढून तपासतात. खाण्याचं जे काही नेताय ते सगळं जाहीर करा, घरचे लाडूही. जाहीर केलं तर फार तर ठेवून घेतील, लपवलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड. मध तर नेऊच नका, चालतच नाही.

निघालोच:
लाडूचं आईला कोण सांगणार?
असो. सगळ्यांचे आभार. काकूंचा बेत तिघांनाही पटलाय. ते आनाउच्या चार खाटा मिळाल्या, एकाच हॉस्टेलात! क्वीन्सटाउनला ११ आणि १२ साठी दोन-दोन अशा दोन ठिकाणी मिळाल्या. तिकिटं सुटीच काढतोय. चौथ्याला फोन लागला की पैसे भरतो.

दक्षिणकाकू:
म्हणजे जेवायला बोलवायला लागत नाही तर. ते आनाउ चालणार नाही, मी क्वीन्सटाउनचं म्हटलं होतं.

शंकासूर:
एक शंका. वर तुम्ही लिहिलंय, "आम्हा तिघांचे व्हिसा आले". जाताय चौघं.

निघालोच:
चौथा मेलबर्नला असतो, तिथून थेट क्राइस्टचर्चला येतोय. त्याला लागत नाही ना?

दक्षिणकाकू:
पासपोर्ट कुठला त्याचा? ऑस्ट्रेलियाचा नागरिक असेल तर लागत नाही. तिथला कायमचा रहिवासी असेल तर निघण्याआधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. नुसता नोकरीच्या व्हिसावर असेल आणि पासपोर्ट भारतीय असेल तर तुमच्यासारखाच व्हिसा लागतो त्याला. शिवाय १०० डॉलरचा पर्यटक कर, तो ऑक्टोबर २०२४ पासून ३५ चा १०० झालाय.

निघालोच:
भारतीय पासपोर्ट. नोकरीच्या व्हिसावर. दोनच वर्षं झालीत त्याला जाऊन.

शंकासूर:
अर्ज केलाय का त्याने?

निघालोच:
फोन लावतोय.

गप्पगुमान:
"आज रात्रीच पैसे भरून टाकू" म्हणून मागे लागलेला मित्र कोणता?

निघालोच:
तोच.